गुरुवारी हरवणारा प्रिंटर

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, माझ्या मैत्रिणीचं अक्षरजुळणीचं कार्यालय आहे. चार संगणक, एक लेझर प्रिंटर आणि खिळ्याला टांगलेला इंटरनेटचा राउटर, एवढाच संसार. दिवाळी अंकांचा हंगाम लागला की तिथं दिवसभर प्रुफं निघत असतात. अशाच एका गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"अरे, प्रिंटर परत ऑफलाइन दाखवतोय. सोळा पानांचा फर्मा आज वाचायला जायलाच हवा."

"लाइट गेले होते का?"

"दुपारी, तासभर. गुरुवार ना आज."

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. पाण्याची आणि विजेची देखभालीची कामं बहुधा याच दिवशी निघतात. मी पोचलो तेव्हा तिच्याकडचा ऑपरेटर प्रिंटर नव्यानं 'इन्स्टॉल' करत बसला होता. त्याच्या पडद्यावर एकाच प्रिंटरची सहा नावं होती. एक मूळ नाव, मग कॉपी १, कॉपी २ असं करत कॉपी ५ पर्यंत. म्हणजे हा प्रकार पाच वेळा तरी होऊन गेला होता आणि दर वेळी कुणीतरी अर्धा-पाऊण तास घालवून त्याच यंत्राची नव्यानं ओळख करून दिली होती.

प्रिंटर ठणठणीत होता. बहुतेक ऑफिस-प्रिंटरांवर स्वतःची सगळी मांडणी एका कागदावर छापून देण्याची सोय असते. मेन्यूत शिरून ती शोधली आणि त्यानं तो कागद काढून दिला. त्यावर त्याचा पत्ता होता १९२.१६८.१.९. चारही संगणक मात्र त्याला १९२.१६८.१.५ वर शोधत होते. तिथं आता कुणाचा तरी मोबाइल येऊन बसला होता.

बिघाड एवढाच होता. तो का होतो हे समजून घ्यायला त्या कागदावरच्या चार ओळी वाचता आल्या पाहिजेत. प्रिंटर असो, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर असो, हजेरीचं बोटाच्या ठशाचं यंत्र असो की घरातला टीव्ही, जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला याच चार प्रश्नांची उत्तरं लागतात. माझा पत्ता काय? माझे शेजारी कोणते? बाहेर जायचं दार कुठलं? आणि नावावरून पत्ता विचारायचा कुणाला?

पहिली ओळ आयपी ॲड्रेसची, म्हणजे यंत्राच्या पत्त्याची. चार आकडे, मध्ये टिंब, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. आपल्याला चार दिसतात, यंत्राच्या लेखी तो ३२ बिटांचा एकच सलग आकडा असतो.

दुसरी ओळ सबनेट मास्कची. हिचा लोक सगळ्यात जास्त धसका घेतात, कारण २५५.२५५.२५५.० या आकड्यावरून काहीच बोध होत नाही. पेठेतला पत्ता आठवा. 'सदाशिव पेठ' आणि पुढे घर क्रमांक. पत्त्याचा कुठला भाग पेठेचा आणि कुठला घराचा, एवढंच हा मास्क सांगतो. जिथं २५५ आहे तो भाग पेठेचा, जिथं ० आहे तो घराचा. म्हणजे १९२.१६८.१ ही पेठ आणि शेवटचा ९ हा घर क्रमांक. शेवटच्या जागेतले ० आणि २५५ हे आकडे राखीव असतात. शून्य अख्ख्या पेठेचं नाव म्हणून आणि २५५ सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. उरतात २५४ घरं. छोट्या कार्यालयाला ती पुरून उरतात.

संगणकाला प्रिंटरकडे पान पाठवायचं असतं तेव्हा तो आधी आपला आणि त्याचा पत्ता या मास्कमधून बघतो. पेठ एकच निघाली तर शेजारी म्हणजे वाड्यातलाच. मग वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारावी तसा तो सगळ्या यंत्रांना एकदम विचारतो, '१९२.१६८.१.५ कोण?' ज्याचा तो पत्ता असेल तो ओ देतो आणि सोबत स्वतःचा मॅक ॲड्रेस सांगतो. हा बहुधा कारखान्यातच यंत्राला मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. आयपी पत्ता भाड्याच्या खोलीसारखा बदलू शकतो, मॅक हा जन्मखुणेसारखा. हाक मारून शोधण्याची ही पद्धत १९८२ मध्ये ठरली आणि आजही पृथ्वीवरच्या जवळपास प्रत्येक घरगुती जाळ्यात क्षणोक्षणी अशा हाका चालू असतात. त्या दिवशी मैत्रिणीच्या कार्यालयातही हाकेला ओ मिळत होती. फक्त ती एका मोबाइलची होती, आणि त्याला छापता येत नव्हतं.

पेठ वेगळी निघाली की तिसरी ओळ कामाला येते. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि तो असतो खुद्द राउटरचाच पत्ता. जे आतलं नाही ते सगळं या दाराकडे द्यायचं. पुढची वाट राउटर बघतो.

इथं एक शंका रास्त आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये १९२.१६८.१.५ आहे, हडपसरच्या दुकानात आहे, या वाड्यातही आहे. मग टपाल चुकत कसं नाही? पत्ते मोजकेच आहेत, यातून हे सगळं उभं राहिलं. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. माणशी एक म्हटला तरी न पुरणारे. हे आधीच ओळखून फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन मालिका खासगी वापरासाठी कायमच्या बाजूला काढल्या गेल्या. १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ ही, आणि १९२.१६८ ची. 'दुसरा मजला, फ्लॅट ४' हा पत्ता जसा पुण्यातल्या हजारो इमारतींत असतो आणि त्या इमारतीच्या आतच त्याला अर्थ असतो, तसे हे पत्ते. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत.

बाहेर चालणारा खरा पत्ता राउटरकडे असतो आणि तो सगळ्या घराला मिळून एकच. आतल्या कुणी बाहेर काही मागितलं की राउटर पाकिटावरचा आतला पत्ता खोडून स्वतःचा घालतो आणि कुणाचं पाकीट होतं ते वहीत टिपून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून आत पोचवतो. याला 'नॅट' म्हणतात. बाहेरून कुणी आपण होऊन आलं तर वहीत त्याची नोंदच नसते, म्हणून त्याला आत घेतलं जात नाही. मुद्दाम केलेली नसली तरी ही थोडीफार सुरक्षाही आहे.

इतकं करूनही पत्ते संपले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा वाटपाचा साठाही तळाला लागला. कायमचा उपाय १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांचा आहे आणि भारतात, विशेषतः मोबाइलवर, तो मोठ्या प्रमाणात रुजलाही आहे. पण जुना संसार मोडलेला नाही. त्यामुळे अनेक सेवादाते हजारो घरांना मिळून थोडेच खरे पत्ते देतात, म्हणजे वाड्याच्या दाराबाहेर आणखी एक मोठं दार. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची मालिका वेगळी राखली गेली.

या गोष्टीचा उपयोग अगदी रोजचा आहे. दुकानातले कॅमेरे घरून दिसावेत म्हणून राउटरवर 'पोर्ट फॉरवर्डिंग', म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी वहीत आधीच नोंद, करून थकलेले किती तरी लोक मला भेटतात. सगळं अचूक भरलेलं असतं आणि तरी काही दिसत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन', म्हणजे बाहेरच्या जोडणीसमोरचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तुमच्या राउटरच्या बाहेर अजून एक दार आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही. सेवादात्याकडून वेगळा सार्वजनिक पत्ता विकत घ्या किंवा कॅमेऱ्याचं स्वतःचं क्लाउड ॲप वापरा. राउटर बदलून उपयोग नाही.

चौथी ओळ डीएनएसची. ती समजायला पुण्याइतकं चांगलं गाव नाही. इथं घर क्रमांक सांगून कुणी कुणाला घर दाखवत नाही. पत्र्या मारुतीच्या पुढे, जिलब्या मारुतीवरून डावीकडे, खुन्या मुरलीधराच्या समोर, असंच सांगतात. माणसाच्या लक्षात नाव राहतं, टपालाला आकडा लागतो. या दोहोंच्या मध्ये कुणीतरी जाणता हवा. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली, यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती वाटून टाकण्याची रचना मांडली. सगळी नावं कुणा एकाकडे नाहीत, पण पुढे कुणाला विचारायचं ते प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच ही व्यवस्था.

म्हणून 'नेट चालत नाही' ही तक्रार आली की मी आधी एक गोष्ट करून बघतो. संगणकाला थेट ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारायला लावतो, म्हणजे 'पिंग' करतो. उत्तर आलं आणि तरी संकेतस्थळं उघडत नसतील, तर रस्ता मोकळा आहे, फक्त वाट सांगणारा गप्प आहे. चौथ्या ओळीत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सर्वांना खुला डीएनएस पत्ता भरला की काम चालू.

आता प्रिंटरकडे. या चार ओळी त्याला कुणी भरून दिल्या? राउटरनं. त्याच्यात डीएचसीपी नावाची सोय असते. १९९३ मध्ये तिचा पहिला मसुदा आला, त्याआधी हे आकडे बहुतेक ठिकाणी हातानं भरावे लागत. नवं यंत्र जागं झालं की ते चौकात ओरडून विचारतं, 'इथं पत्ता कोण देतं?' राउटर एक मोकळा पत्ता पुढे करतो, यंत्र म्हणतं हाच द्या, राउटर म्हणतो दिला. चार वाक्यांत व्यवहार पुरा. पण पत्ता मिळतो तो भाड्यानं, मुदतीचा. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, इथं घरगुती राउटरवर बहुधा एक दिवसाचा. निम्मी मुदत सरली की यंत्र आपण होऊन नूतनीकरण मागतं आणि ते मिळत राहतं, म्हणून महिनोन् महिने पत्ता तोच राहतो आणि तो भाड्याचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग गुरुवार येतो. अनेक घरगुती राउटर भाडेकरूंची वही तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की वही कोरी. वीज येते, राउटर उठतो. लेझर प्रिंटरला तापून तयार व्हायला वेळ लागतो, तोवर वायफायची वाट बघत बसलेले मोबाइल आत शिरून मोकळे पत्ते घेऊन टाकतात. प्रिंटर शेवटी येतो आणि उरलेल्या खोलीत राहतो. संगणक जुन्याच खोलीचं दार ठोठावत बसतात.

उपाय दोन आहेत. एक, प्रिंटरच्याच मेन्यूत जाऊन पत्ता हातानं पक्का करणं. दुसरा, राउटरच्या वहीत कायमची नोंद करणं, की अमुक मॅक ॲड्रेसचं यंत्र आलं तर त्याला हाच पत्ता द्यायचा. याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. माझं मत ठामपणे दुसऱ्याच्या बाजूनं आहे. नोंद एकाच जागी राहते आणि यंत्र स्वतः काही पाठ करून ठेवत नाही. हातानं भरलेल्या पत्त्याचे दोन धोके मी वारंवार पाहिलेत. कुणी तो पत्ता राउटर वाटत असलेल्या आकड्यांमधलाच निवडतो, मग कधीतरी राउटर तोच दुसऱ्याला देतो आणि एका पत्त्यावर दोघं भांडत राहतात. किंवा सेवादाता बदलतो, नवा राउटर येतो, त्याची पेठ १९२.१६८.२९ असते आणि प्रिंटर १९२.१६८.१ मध्ये एकटाच पडतो. बिघडला समजून चांगली यंत्रं भंगारात गेलेली पाहिली आहेत मी, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

अशा एकट्या पडलेल्या यंत्रापर्यंत पोचायची युक्ती सोपी आहे. नेटवर्कची वायर सरळ लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपला हातानं त्याच्याच पेठेतला पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत यंत्राचा पत्ता टाइप करा. यंत्राचं पान उघडतं. आत जाऊन मांडणी 'ऑटो' करा आणि लॅपटॉपही परत ऑटोवर आणायला विसरू नका. यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. पत्ता मागून कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून त्यानं तो स्वतःच घेतलेला असतो. तेव्हा सेटिंगमध्ये शिरण्याआधी वायर आणि खटका तपासावा.

माझ्या स्वतःच्या घरी एकदा आठवडाभर असाच गोंधळ चालला होता. आतल्या खोलीत वायफाय पोचेना म्हणून जुना राउटर वायरीनं जोडला, आणि त्याचाही पत्ता-वाटप विभाग चालूच राहिला. दोघंही वाटायला बसले. ज्याला नव्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट चाले, जुन्याकडून मिळाला त्याला बाहेरचं दार सापडेना. कुठलाही फोन कधीही बंद पडे. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी बंद केला, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, वायर त्याच्या 'लॅन'च्या भोकात घातली आणि आठवड्याचा त्रास पाच मिनिटांत मिटला. एका वाड्यात खोल्या देणारा एकच असावा.

मैत्रिणीच्या वाड्याच्या जाड भिंतींपायी तिचा प्रिंटर मी वायरीवरच ठेवायला लावला. भिंतींवर आपटून लहरींचे पडसाद उठतात आणि संदेश एकमेकांत मिसळतात, ही वायफायची जन्मजात अडचण. तिच्यावरचा एक मोलाचा तोडगा ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या अनुभवातून आला. जॉन ओसलिव्हन आणि सहकाऱ्यांनी त्याचं पेटंट मागितलं ते १९९२ मध्ये. त्याच संस्थेत १९५३ साली एक तरुण भारतीय शिकायला गेला होता. गोविंद स्वरूप त्याचं नाव. पुढे त्यांनीच नारायणगावजवळ खोडदला, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी केली. आपल्या खिशातल्या वायफायचं आणि जुन्नर तालुक्यातल्या त्या तबकड्यांचं माहेर असं एकच निघतं, हे मला फार आवडतं.

त्या संध्याकाळी राउटरवर आधी काम केलं ते पासवर्डचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, आणि दार उघडलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर असेच उघडले होते. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, तेवढी पुरली. त्या यंत्रांचा लोंढा २१ ऑक्टोबरला डाइन नावाच्या डीएनएस सेवेवर सोडला गेला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी संकेतस्थळं अमेरिकेत तासन् तास उघडेनात. वाट सांगणाऱ्यालाच गप्प केलं की काय होतं ते तेव्हा दिसलं. आपल्या सोसायट्यांच्या जिन्याखाली बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या पेट्या अजूनही पहिल्याच पासवर्डवर चालताना दिसतात. बसवणारा गेला की आधी तो बदलावा, वायफायचा नव्हे, पेटीचा.

मग राउटरला १०० ते १९९ एवढेच पत्ते वाटायला सांगितले. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस त्या छापील कागदावर होताच, तो उतरवून त्याच्या नावावर ५० क्रमांक राखून ठेवला. काही राउटर राखीव पत्ता वाटपाच्या आकड्यांबाहेरचा घेत नाहीत, यानं घेतला. प्रिंटर बंद करून चालू केला, चारही संगणकांवर नवा पत्ता एकदाच भरला. ऑपरेटरनं यादीतली जादा पाच नावं एकेक करून पुसली. 'राउटर १, प्रिंटर ५०, बाकी आपोआप' असं मैत्रिणीनं एका कागदावर लिहून तो मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला. फर्मा रात्री नऊला गेला.

पुढच्या गुरुवारी बारा ते दोन लाइट नव्हते. संध्याकाळपर्यंत तिचा फोन आला नाही, म्हणून सातच्या सुमारास मीच केला. मागे प्रिंटरची घरघर ऐकू येत होती. "थांब जरा," ती म्हणाली, "पानं मोजतेय."